गळतीखालचा समुद्र

परवा देवळात पिंडीवर गळती बांधली. वैशाख लागला की आमच्या गावात मातीचं मडकं टांगतात. त्याच्या बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी, आणि खाली दिवसभर थेंब थेंब पाणी. उन्हाच्या दिवसांत देवाच्या डोक्याला तेवढाच गारवा. बाकीच्या बायका नमस्कार करून पुढे सरकतात, मी तिथे जरा रेंगाळते. लोकांना वाटतं, म्हातारी भाविक आहे. खरं सांगायचं तर त्या थेंबाखाली मला महादेव दिसतच नाही, खेकडे दिसतात. देवाने इतक्या वर्षांत त्याबद्दल राग धरलेला नाही, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

यंदा त्यात नातवाची भर पडली. डहाणूतल्या त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये त्याला खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम बसवायचं आहे. मुंबईच्या दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. काच, पंप, दिवे हे मी एक वेळ समजू शकते. पण मीठ! समुद्राचं पाणी तयार करायचं खास मीठ, पाकिटातलं, परदेशातून येणारं. ज्या खिडकीत समुद्राची गाज ऐकू येते, त्याच खिडकीत बसून हा मुलगा समुद्र विकत घेणार.

"आजी, इथलं पाणी गढूळ आहे गं, नाही चालत," तो म्हणाला. "कमी खर्चात कसं बसवायचं तेच कळत नाहीये."

"तुझ्या आजोबांनी बसवलं होतं की."

"कितीत?" त्याने लगेच विचारलं. हिशेबाला पोरगं आईवर गेलंय.

लाकडाचे अमुक, राळेचे तमुक असं आठवून सांगता आलं असतं. सगळं मिळून वीस रुपयांच्या आतच गेलं असावं. पण तो आकडा खोटा झाला असता. त्या उन्हाळ्यात जे काही खर्च झालं, त्यातलं फार थोडं रुपयांत होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीचा तो उन्हाळा. माघात माझं लग्न झालेलं. माहेर तलासरीचं, बाबांचं तिथे किराणा दुकान. तलासरी आणि डहाणू तशी जवळच, पण आमच्याकडे डोंगर, सागाचं रान आणि हायवेवरच्या मोटारी. समुद्र मी लग्नाआधी एकदाच पाहिलेला, तोही लांबून. आणि सासर पडलं ते थेट किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाडीत. वारा वाडीकडून आला तर घरात पिकल्या चिकूचा गोड वास, किनाऱ्याकडून आला तर वाळत घातलेल्या बोंबलांचा. पहिले आठ-पंधरा दिवस मी वारा कुठला आहे ते नाकावर पदर धरूनच ओळखायची. सासूबाई हसायच्या. "सहा महिन्यांनी हाच वास आला नाय तर जेवण गोड नाय लागणार तुला," म्हणायच्या. सहा महिने लागले नाहीत.

त्या वाडीचा एक कायदा होता. खारं पाणी कुंपणाच्या आत आणायचं नाही. फाटकाशी दगडी डोणी होती, तिच्यात विहिरीचं पाणी भरलेलं. किनाऱ्यावरून येणाऱ्याने, मग तो पाहुणा असो की घरचा, आधी पाय धुवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. गणपती पोचवून आलेल्या माणसांनासुद्धा सूट नव्हती. हा कायदा मामंजींचा. पूर्वी कधीतरी मोठ्या उधाणाला समुद्र पश्चिमेच्या विहिरीत शिरला होता, आणि मामंजींनी स्वतःच्या हातांनी लावलेली चिकूची एक ओळच्या ओळ वाळून गेली होती. ती विहीर पुढे बुजवली. झाडं तोडली, पण खुंट मात्र त्यांनी काढू दिले नाहीत. सकाळी वाडीत फेरी मारताना ते त्या खुंटांपाशी थांबायचे. पायाला लागलेल्या ओंजळभर पाण्याने झाड मरत नाही हे त्यांनाही कळत असणार. पण ज्याने घर लुटलं त्याला उंबऱ्यात उभं करायचं नाही, असा तो हिशेब होता.

आणि अशा माणसाच्या पोटी हे जन्मले! यांना लहानपणापासून समुद्राचं वेड. डहाणूच्या शाळेत शास्त्र शिकवायचे, पण हंगामी. वर्ष संपलं की नोकरी संपली, जूनमध्ये पुन्हा घेतलं तर घेतलं. त्या वर्षी हेडमास्तरांनी सांगितलं होतं की, जूनपासून शास्त्राची एक जागा कायम होणार आहे. दोघे-तिघे उमेदवार आहेत. मुलांना पुस्तकाबाहेरचं काही दाखवू शकेल असा मनुष्य मला हवा, असं त्यांचं म्हणणं. मुंबईला समुद्रकाठी मत्स्यालय झालेलं, ते हे दोनदा पाहून आलेले. हेडमास्तरांकडून घरी आले आणि जेवताना म्हणाले, "मी समुद्र जिवंत ठेवून दाखवतो. ओटीवर."

मामंजींचा घास हातातच राहिला. "कुणाच्या ओटीवर?"

तिकडे मामंजींची वेगळीच तयारी चालली होती. राज्य वेगळं झाल्यावर अच्छाडला गुजरातची हद्द आली, तिथे नाका बसणार अशी बोलवा होती, आणि तलासरीत त्यांच्या ओळखीचे एक साहेब होते. नाक्यावर कारकुनाची जागा नक्की मिळेल, मृगाच्या आत होकार कळवा, असा त्यांचा निरोप आलेला. सरकारी नोकरी, खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहून घ्यायच्या. शेवटी सासूबाईंनी मध्यस्थी केली आणि बापलेकांत तह झाला. मृग लागेपर्यंत समुद्राचं खूळ करून बघावं. जिवंत राहिला आणि हेडमास्तर पावले तर शाळा. नाहीतर मुकाट्याने अच्छाड.

आता माझी बाजू सांगते. अच्छाड म्हणजे माझ्या माहेरच्या दारात. यांची नोकरी तिथे लागली असती तर आम्ही बिऱ्हाड तलासरीला केलं असतं, आणि मी रोज संध्याकाळी बाबांच्या दुकानात जाऊन खडीसाखर खाल्ली असती. एकोणीस वर्षांची होते मी. समुद्र हरावा म्हणून मी देव पाण्यात ठेवले नाहीत इतकंच. पण तो जिंकावा असंही मला काही वाटत नव्हतं.

मग एका ओहोटीला हे मला किनाऱ्यावर घेऊन गेले. आमच्याकडे ओहोट लागली की समुद्र इतका मागे जातो की तो परत येईल असं नव्या माणसाला वाटूच नये. मागे चिखल, काळे खडक आणि खडकांच्या खळग्यांत राहिलेलं पाणी. हे धोतर गुडघ्यावर खोचून चिखलात उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "सावली पाडू नकोस, नुसती बघ." त्या खळग्यात एक शंख चालत होता. शंखातून पाय बाहेर आले, मग दोन डोळे. खडकाला एक समुद्रफूल चिकटलेलं, त्याच्या पाकळ्या पाण्यात हलत होत्या. यांनी बोट नेलं तशा पटकन मिटल्या. काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबी मागे मागे पळाली. मी खळग्याकडे बघत होते तेवढीच यांच्याकडेही बघत होते. घरात बोलायला लाजणारा हा माणूस त्या चिखलात भडाभडा बोलत होता, चेहऱ्यावर ऊन, कपाळाला चिखल. असा आनंदात असलेला मोठा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता. माझ्या बाबांनाही नाही. येताना फाटकाशी मी पाय धुतले, आणि धुताना मला कळून चुकलं की तलासरीची खडीसाखर गेली.

पेटी करायची तर काच हवी. बाकीची पेटी लाकडाची चालणार होती, पण दोन बाजूंना तरी काच पाहिजे, नाहीतर समुद्र बघणार कुठून? जाड काच मुंबईहून आणायची तर भाडं, वाटेत फुटण्याची भीती, आणि मामंजींकडे मागायची तर हिंमत. दोन दिवस घरात याच गोष्टीवर खल चालला. माझ्या खोलीत बाबांनी दिलेलं सागवानी कपाट होतं. दोन दारं, दोन्हींना काचा, चांगल्या जाड. आत रुखवताच्या बाहुल्या, मण्यांचे पोपट, चांदीचा करंडा. तलासरीहून ते बैलगाडीतून आलं तेव्हा काचा फुटू नयेत म्हणून बाबा स्वतः पेंढ्यात हात घालून शेजारी बसून आले होते.

"काचा काढून घ्या," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तुझे बाबा काय म्हणतील?"

"बाबांना मी सांगेन. तुम्ही फक्त फोडू नका."

एवढं बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला. म्हणजे डोळ्यांना पाणी आलं तरी कुणी विचारायला नको.

पेटी खाडीवरच्या होड्या बांधणाऱ्या सुताराने केली. फटींत कापूस ठासून, वरून राळ आणि तेल. हे त्याला पुन्हापुन्हा विचारत होते की गळणार तर नाही ना. तो म्हणाला, "मास्तर, आम्ही पाणी बाहेर ठेवताव, तुम्हाला आत ठेवायचा. फळीला काय कळते, कुठल्या अंगाला माणूस न् कुठल्या अंगाला मासा?" काचा लांबीने, म्हणजे खडू-तेलाच्या लुकणाने, बसवल्या. बाळाच्या पाळण्याएवढी ती पेटी ओटीवर दगडांच्या चौथऱ्यावर ठेवली.

मग पाणी आणायचं. मामंजींनी अट घातली, वाडीच्या जमिनीवर एक थेंब सांडता कामा नये. म्हणून फाटकापासून ओटीपर्यंत गोणपाटं अंथरली. गाडी फाटकाबाहेर उभी, त्यातून मडकी उतरवायची आणि गोणपाटांवरून जपून चालत यायचं. आमची वरात आली तेव्हासुद्धा कुणी माझ्या पायाखाली एवढं अंथरलं नव्हतं. मामंजी खुर्ची टाकून खाली बघत बसलेले. काम झाल्यावर ती गोणपाटं गुंडाळून परत समुद्रावर नेऊन धुवायची, हाही हुकूम. आमचं पाणी गढूळ, नातू म्हणतो ते खरंच आहे. ते रात्रभर मडक्यांत निवळू द्यायचं आणि सकाळी गाळायचं. त्यासाठी माझं एक जुनं पातळ चौपदरी होऊन कामी आलं. तरी थोडी पिवळसर झाक राहायचीच. पण पेटी भरली, तळाला वाळू बसली, आणि सकाळचं ऊन आरपार गेलं तेव्हा ओटीच्या भिंतीवर उजेडाची जाळी हलायला लागली. सासूबाई हातातलं सूप तसंच धरून ती बघत राहिल्या.

राहिला वारा. पाण्यात हवा मिसळली नाही तर जीव गुदमरतात, आणि आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. पाणी उंचावरून थेंबाथेंबाने पडत राहिलं तर थोडं भागेल, असं यांचं म्हणणं. हे ऐकून सासूबाई उठल्या, देवघरातून अभिषेकपात्र घेऊन आल्या. तांब्याचं, जुनं, घासूनपुसून लखलखीत. "शंकराच्या डोक्यावर चालते, तुमच्या खेकड्यांना नाय चालणार?" याहून शुद्ध भांडं घरात नव्हतं. पात्र टांगलं. पेटीतलंच पाणी वाटीने काढून पात्रात भरायचं, ते थेंबाथेंबाने परत पेटीत. हे काम माझ्याकडे आलं. भाजी फोडणीला टाकली की एक वाटी, कणीक मळून झाली की एक वाटी. दुपारी सगळे निजले की मी पेटीसमोर बसायची. बाहेर झाडावरून चिकू उतरवणाऱ्या माणसांच्या हाका, आणि आत टप टप. शंखातला खेकडा काचेपर्यंत यायचा आणि मला बघून आत जायचा. नव्या नवरीसारखं करतोस काय, मी त्याला म्हणायची.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी समुद्रफूल मिटलं ते उघडेना. कोळंबी पांढरी पडून आडवी झाली. संध्याकाळपर्यंत शंखातला खेकडा शंख सोडून बाहेर येऊन मेला. यांनी पाणी बदललं, पुन्हा गोणपाटं अंथरली, पुन्हा खडकांवर जाऊन नवे जीव आणले. तेही गेले. ओटीवर वास सुटला. मामंजी तिकडे बघणंही टाळत होते, पण जेवताना म्हणाले, "मी सांगतलेला. खारं पाणी जीव घेते. माझी झाडं घेतली, तुझे खेकडे घेतले." त्यात टोमणा नव्हता, दुःखच होतं. आणि म्हणून जास्त लागलं. मृग जवळ आला होता. त्या संध्याकाळी यांनी मला विचारलं, "अच्छाडला गेलो तर तुला बरं वाटेल ना?" मी नाही म्हटलं. तोवर ते खरं झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. जेवायला सोलकढी करायची होती. मी पातेलं घेतलं तशा सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "ते नको गो पोरी! कल्हई गेली त्याची. कढी कळकेल न् सगळे आजारी पडतील."

मी पातेलं हातात घेऊन उभी राहिले. आतून लालभडक दिसणारं तांबं. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट-खारट ठेवायचं नाही, हे मला चुलीपुढे बसता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक. तशीच ओटीवर पळाले. स्टुलावर चढून अभिषेकपात्रात डोकावले. आत तळाला हिरवंनिळं साचलेलं, आणि भोकाच्या तोंडाशी तीच हिरवी कड.

"आई," मी तिथूनच हाक मारली, "आपण खेकडे कळकवले!"

सगळे धावत आले. यांनी पात्र उतरवून उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारून घेतला. वर्गात हे मुलांना तांब्यावर चढणारी हिरवी पुटं शिकवायचे, फळ्यावर सूत्रं लिहून! मामंजींनी पात्र हातात घेतलं, तळावर नख घासलं, वास घेतला. "अरे, हा तर मोरचूद," ते म्हणाले. वांग्या-टोमॅटोवर बुरशी पडली की मारायला मोरचुदाची पोतडी वाडीत असायचीच. बुरशीला विष म्हणून ते गेली कित्येक वर्षं तेच कालवत आलेले. सगळ्यांनाच ठाऊक, ज्याच्या त्याच्या कामात. पण भांडं देवघरातलं, मग त्याच्याकडे वाईट नजरेने बघणार कोण? मग मामंजींचं पोट हलायला लागलं. लग्नानंतर मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे समुद्राचा नाय रे गुन्हा. समुद्र बिचारा निर्दोष हाय." आणि हसताहसता एकदम थांबून वाडीच्या पश्चिमेकडे, त्या खुंटांकडे बघत राहिले.

सासूबाईंनी पात्र चिंचेने घासून देवघरात ठेवलं आणि देवाची माफी मागितली. कुंभाराकडून मडकं आलं, बुडाला भोक पाडून कापसाची वात घातली. देवळातल्या गळतीसारखीच गळती. पेटी खरवडून धुतली, वाळू बदलली. ही तिसरी वरात. या वेळी मामंजी खुर्चीवर नव्हते, गोणपाटाची सुरकुती काढत वाकले होते.

आणि समुद्र जगला. समुद्रफूल उघडलं ते उघडंच राहिलं. कोळंबी रात्री कंदिलाच्या उजेडात वाळू चाळायची. खेकड्याने शंख बदलला, तो सोहळा बघायला सासूबाई भाकरी तव्यावर टाकून आल्या आणि भाकरी करपली. पण उन्हाळा कडक, पाणी रोज दोन बोटं आटायचं. मी आपली शहाणपणाने मडक्यातलं खारं पाणी घालायला गेले, तर यांनी हात धरला. "आटतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. वर पुन्हा खारं घालत गेलीस तर ओटीवर मिठागर होईल." भरायचं ते गोडं पाणी. यांनी पेटीभोवती एक लाल दोरा बांधला. तिथपर्यंतच भरायचं, वर नाही, खाली नाही.

मामंजी हे ऐकत होते. "म्हणजे माझ्या विहिरीचं गोडं पाणी या खाऱ्यात वतायचं?"

"हो," हे घाबरत म्हणाले.

मामंजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. जन्मभर त्या माणसाने खारं गोड्यात येऊ नये म्हणून राखण केलेली. गोड्याने खाऱ्याकडे आपणहून जावं, हे त्यांना कुणी कधी सुचवलंच नसेल. पण दुसऱ्या दिवशीपासून पेटीसाठी विहिरीवरची एक घागर वेगळी ठेवलेली दिसू लागली.

मृगाला दोन-चार दिवस असताना हेडमास्तर आले. खरं म्हणजे पेटीच शाळेत न्यायची होती. पण भरलेली पेटी उचलायची म्हणजे काचा निसटायच्या, आणि रिकामी करायची तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे हेडमास्तरांना खरं ते सांगून आले की, साहेब, माझी चूक झाली, समुद्र ओटीवर बसवला, तो आता हलत नाही. हेडमास्तर म्हणाले, मग मुलं हलतील. सुट्टी असूनही गावातली पंचवीस-तीस पोरं गोळा झाली. यांनी त्यांना आधी ओहोटीत खडकांवर नेलं, खळगे दाखवले, आणि तशीच सगळी वरात वाडीच्या फाटकाशी आणली. चिखलाने भरलेले, खारट, ठिबकणारे साठ पाय, आणि त्यात हेडमास्तरांचेही दोन.

मामंजी फाटकातच उभे होते. हातात घागर. पोरं बिचकून थांबली.

"एकेक या," ते म्हणाले. "पाय धुवा, मग आत जाऊन समुद्र बघा."

आणि त्यांनी स्वतः वाकून पहिल्या पोराच्या पायावर पाणी घातलं. मग दुसऱ्याच्या. डोणी होती, पोरांनी आपापले धुतले असते. पण ते एकेकाच्या पायावर घालत राहिले, घागर संपली की भरून आणत राहिले. हेडमास्तर "अहो, अहो" म्हणत मागे सरले तरी त्यांनी ऐकलं नाही.

ओटीवर ही गर्दी. काचेला नाकं लावून पोरं बघत होती, हे बोलत होते, अगदी चिखलात बोलले होते तसेच. आत दाराआडून मी ऐकत होते. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं, "मास्तर, खर्च किती आला हो याला? शाळेला पुढेमागे एक करायचा म्हटला तर?"

हे सांगायला लागले: लाकूड, राळ, लांबी, सुताराची मजुरी, मडकी...

"दोन काचा," मामंजी मध्येच म्हणाले. "त्या धरा आधी. आमच्या सूनबाईच्या कपाटाच्या. बाकी सगळं फुकट हाय."

मी दारामागे होते तिथेच खाली बसले. या वेळी चिरायला कांदाही नव्हता.

हेडमास्तर जाताना यांना बाजूला घेऊन काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण परत येताना यांची चाल बघूनच कळलं. सासूबाईंनी गूळ वाटला. तलासरीला जाणारा एक माणूस संध्याकाळी वाडीवर आला होता, मामंजींनी त्याच्याकडे त्या साहेबांसाठी निरोप दिला. "सांग त्यांना, अच्छाडला पाठवायला आमच्याकडं माणूस शिल्लक नाय."

त्या उन्हाळ्यानंतर हे तीसेक वर्षं त्या शाळेत शिकवत राहिले. दर पावसाच्या आधी जीव खडकांत नेऊन सोडायचे आणि पाऊस ओसरला की पुन्हा पेटी भरायची, असं बरीच वर्षं चाललं. मामंजी गेले, सासूबाई गेल्या, आता हेही नाहीत. कपाट माझ्या खोलीत आहे. त्याला पुन्हा काचा बसवल्या नाहीत. मामंजींनी एकदा विचारलं होतं, मीच नको म्हटलं. बाहुल्या धुळीने मळल्या, मग मुलांनी खेळून मोडल्या. तेच त्यांचं काम होतं म्हणायचं. बाबांनी पहिल्यांदा ते उघडं कपाट पाहिलं तेव्हा ते सरळ ओटीवर गेले, पेटीपुढे बसले, आणि काचेवर हात फिरवून म्हणाले, "चांगली जाड निघाली, नाही?"

नातवाला यातलं काय सांगणार? त्याला म्हटलं, घे बाबा तुझं पाकिटातलं मीठ. फक्त आटलं की गोडं पाणी घाल, आणि आत तांब्याचं काही जाऊ देऊ नकोस. तर म्हणाला, "आजी, हे तर नेटवर पण लिहिलंय." लिहिलं असेल. शिकलेल्या लोकांनी सगळंच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं.

पण मला सांगायची होती ती त्या दिवशीची संध्याकाळ. पोरं गेली होती, गूळ वाटून झाला होता, निरोप गेला होता. आनंदाच्या भरात पेटीत पाणी घालायचं आम्ही सगळेच विसरलो. पाणी दोऱ्याच्या खाली गेलं होतं. मी दिवा लावून ओटीवर आले तर मामंजी पेटीपुढे वाकून उभे होते, हातात ती वेगळी ठेवलेली घागर. थेंब थेंब ओतत होते, झाडाच्या रोपाला घालावं तसं, वाळू उडू नये म्हणून काचेच्या कडेने. माझी चाहूल लागली तसे थांबले. त्या घरात चार महिने झाले होते मला. त्या माणसाने तोवर मला कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "दोऱ्यापर्यंतच ना गो?"